गावाचा रेडिओ एफएमवर आणायचाय? सुरुवात कुठून करायची ते सांगतो

माझ्या लहानपणी घरात एकच रेडिओ होता, चामड्याच्या कव्हरचा, अन् त्याचा काटा वर्षानुवर्षं ५८५ वरच, म्हणजे आकाशवाणी नागपूर. बाबा तो बंडीला अडकवून वावरात न्यायचे आणि डवरणी चालू असेपर्यंत तो धुऱ्यावरच्या बाभळीखाली वाजत राहायचा. नागपूर केंद्र १९४८ चं, त्यामुळे आमच्या आजोबांपासून गावात रेडिओ म्हणजे मिडीयम वेव्ह असंच समीकरण. आता एखाद्या गावची पोरं, बचत गटाच्या बाया किंवा शाळेचे सर माझ्याकडे येतात, आपल्या गावाचा रेडिओ काढायचा म्हणतात, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, "भाऊ, आपलाबी नागपूरसारखा दूरदूर लागंन का?"

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओचं, म्हणजे गावातल्याच लोकांनी चालवलेल्या रेडिओचं, काम करून राहिलो, टॉवरचे नट आवळण्यापासून तर बायांच्या मुलाखती घेण्यापर्यंत सगळं. जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो, नवीन माणसाला समजेल असं. लांब आहे पण निवांत वाचा, कारण यातल्या अर्ध्या गोष्टी आम्हाला कोणी आधी सांगितल्या असत्या तर आमचं एक अख्खं वर्ष वाचलं असतं.

आधी एएम आणि एफएम समजून घ्या

नागपूरचं मिडीयम वेव्ह म्हणजेच एएम. त्याची ५८५ किलोहर्ट्झची लाट ५०० मीटरपेक्षा लांब असते. ती जमिनीला धरून चालते, टेकडी आली तरी वळसा घेऊन पलीकडं उतरते, म्हणून मोठ्या ट्रान्समीटरचं मिडीयम वेव्ह केंद्र दोन-तीन जिल्हे ओलांडून ऐकू येतं. एफएम आहे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर, तिथं लाट फक्त ३ मीटरची. ती टॉर्चच्या उजेडासारखी सरळ जाते, मध्ये टेकडी आली की मागं सावली पडते आणि त्या सावलीतल्या पोडावर (छोट्या आदिवासी वस्तीवर) रेडिओ नुसता फसफस करतो. बदल्यात आवाज असा स्वच्छ येतो की बोलणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. मिडीयम वेव्हवर वीज कडकडली, शेजारी मोटरपंप सुरू झाला की खरखर ठरलेली, एफएमवर तो त्रास जवळपास नाहीच.

आपल्या देशात मिडीयम वेव्ह फक्त आकाशवाणी चालवते, आणि गेल्या काही वर्षांत तिनंही बरेच जुने मिडीयम वेव्ह ट्रान्समीटर बंद करून एफएमचा रस्ता धरलाय. गावच्या संस्थेला परवानगी मिळते ती एफएमचीच, त्यातही लहान पॉवरची, साधारण १०० वॉट ईआरपीपर्यंत, आणि टॉवर जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. ईआरपी म्हणजे अँटेना लाट एका अंगाला एकवटते तो फायदा धरून मोजलेली ताकद. तर घेर धरायचा दहा-पंधरा किलोमीटरचा. पंधरा-वीस गावं. मी तर म्हणतो हेच चांगलं, कारण पंधरा गावांत बोलणाऱ्याला ऐकणारा ओळखतो, चुकलं तर दुसऱ्या दिवशी बाजारात धरून विचारतो.

परवानगीशिवाय काहीही हवेत सोडू नका

ऑनलाइन हजार-दोन हजाराला छोटे ट्रान्समीटर मिळतात, पोरं उत्साहानं मागवतात. नका करू. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावात एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणानं आपल्या दुकानातून असाच गावाचा एफएम चालवला होता, लोक जीव टाकायचे त्याच्यावर, पण लायसन्स नव्हतं म्हणून २००६ मध्ये तो बंद करावा लागला. मला ती गोष्ट आठवली की आजही वाईट वाटतं.

आणि आता लपूनछपून करायची गरजच नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. त्यानंतर आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणापासून नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो. २००८ मध्ये झहीराबादजवळ माचनूरला संघम रेडिओ सुरू झाला, तो गावातल्या दलित शेतकरी बाया चालवतात. त्यामुळे शिकलेल्या लोकांचं काम आहे हे, आपल्याला कसं जमणार, असं कोणी म्हणलं तर त्याला ही गोष्ट सांगा.

अर्ज कोण करू शकतं? सोसायटी, ट्रस्ट, कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी, शाळा-कॉलेज, कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र. संस्था नफ्यासाठी नसावी आणि स्वयंसेवी संस्था असेल तर तिला किमान ३ वर्षं झालेली असावी. एकट्या माणसाच्या नावावर मिळत नाही, राजकीय पक्षाला किंवा त्याच्या आघाडीलाही मिळत नाही. इथं बरेच गट चुकतात, रेडिओसाठी म्हणून नवीन संस्था काढतात आणि मग तीन वर्षं बसून राहतात. त्यापेक्षा तालुक्यात आधीपासून चांगलं काम करणारी, ऑडिट वेळेवर करणारी संस्था शोधा आणि तिच्याशी बोला. कागदावर स्पष्ट लिहून घ्या की कार्यक्रमाचं कोण ठरवेल, नाहीतर पुढं संस्थेचे अध्यक्ष रोज स्वतःचंच भाषण लावा म्हणतात.

अर्जाच्या आधीचे सहा महिने

माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि हाच लोक टाळतात. सगळ्यांना टॉवर आधी दिसतो. टॉवर पैसे असले की आठ दिवसात उभा होतो, पण त्यातून काय ऐकवणार? रोज चार तास जरी चालवायचं म्हणलं तरी महिन्याचे १२० तास होतात. पुन्हा लावलेले कार्यक्रम धरले तरी अर्धा वेळ नवीन पाहिजे. हे करायला लोक लागतात, सवय लागते.

म्हणून परवानगी नसतानाच रेकॉर्डिंग सुरू करा. एक साधा मोबाइल, फ्लाइट मोडवर टाकलेला, आणि एक स्वस्तातला कॉलर माइक. आठवड्याला एक अर्ध्या तासाचा कार्यक्रम बनवा, पेनड्राइव्हवर टाका आणि बचत गटाच्या मीटिंगमध्ये, पारावर, दूध संकलनाच्या रांगेत, ब्लूटूथ स्पीकरवर ऐकवा. हे हवेत जात नाही त्यामुळे लायसन्सचा प्रश्न नाही. लोक कुठं उठून जातात, कुठं हसतात, कुठं म्हणतात "पुन्हा लाव", ते वहीत लिहा. आमच्याकडे पहिल्या कार्यक्रमाला सहाव्या मिनिटाला अर्धे लोक उठले होते कारण आम्ही पुस्तकी मराठीत स्वच्छतेवर भाषण वाचून दाखवलं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही एका आजीकडे गेलो. भुलाबाईची गाणी त्यांना खूप येतात हे गावात सगळ्यांना माहीत, पण माइक समोर धरला की त्या गप्प, "मले काय येते बाप्पा, तुम्ही सरपंचाले इचारा." दोनदा रिकाम्या हातानं परत आलो. तिसऱ्या वेळी आमच्यातली एक पोरगी माइक सुपाच्या कडेला ठेवून त्यांच्यासोबत तुरीची डाळ निवडायला बसली, काही विचारलंच नाही. दहा मिनिटांनी आजी आपणहून गुणगुणायला लागल्या आणि मग वीस मिनिटं थांबल्या नाहीत. त्या रेकॉर्डिंगमध्ये सूप पाखडल्याचा आवाज आहे, मध्येच कोंबडी ओरडते, नातवाला हाकलतात ते पण आहे. एका जणानं सॉफ्टवेअरमध्ये ते साफ करून दिलं, तर गाणं एकदम मेल्यासारखं झालं. आम्ही मूळचंच ठेवलं आणि आजही सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आहे.

तर आपल्या भागात काय आहे ते शोधा. पोळ्याच्या झडत्या म्हणणारे म्हातारे प्रत्येक गावात दोन-चार तरी असतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं असाल तर दंडार, खडीगंमत ही लोकनाट्यं आणि झाडीबोलीतल्या गोष्टी. मेळघाटात कोरकू, आमच्याकडं कोलामी आणि गोंडी. बोली बदलू नका. वऱ्हाडीत बोलणाऱ्या माणसाला "जरा शुद्ध बोला" म्हणलं की तो अर्धं बोलणं गिळतो.

याच काळात एक सर्वे करा, घरोघरी जाऊन, फक्त चार प्रश्न: घरात रेडिओ आहे का, फोनमध्ये एफएम आहे का, वायरचा इअरफोन आहे का, दिवसात मोकळा वेळ कोणता. इअरफोनचा प्रश्न कायले विचारायचा म्हणाल, तर फोनमधला एफएम बहुधा इअरफोनच्या वायरलाच अँटेना म्हणून वापरतो, वायर नसली तर बहुतेक फोनमध्ये लागत नाही. साध्या बटनाच्या फोनमध्ये एफएम बहुतेक असतोच, नवीन स्मार्टफोनमध्ये बऱ्याचदा नसतो किंवा कंपनीनं बंद ठेवलेला असतो. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाइल कंपन्यांना एफएम चालू ठेवण्याचा सल्ला दिला होता, पण दुकानातून फोन घेताना स्वतः तपासलेलं बरं. आमच्या सर्वेत कळलं की सालदार आणि मजूर बायांकडं बटनाचे फोन जास्त, म्हणून आमचा मुख्य वेळ सकाळी साडेपाच ते साडेसात ठरला, बाया निंदणाला निघायच्या आधीचा.

आणि अर्ज टाकायच्या आधी एकदा चालू रेडिओ बघून या. साताऱ्यात म्हसवडला माणदेशीचा आहे, पुण्याला विद्यापीठाची विद्यावाणी आहे. दोन दिवस तिथंच बसा. स्टुडिओ बघण्यापेक्षा त्यांची रोजची वही बघा, कोण किती वाजता येतं, एखादी पोरगी आली नाही तर कोण सांभाळतं.

कागदपत्रांचा रस्ता

अर्ज ऑनलाइन होतो, माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर. फी किती, कोणते नमुने, ते भरायच्या दिवशी तिथंच वाचा. संस्थेची नोंदणी, घटना, तीन वर्षांचे हिशोब, केलेल्या कामाचे पुरावे, आणि समाजाची गरज काय हे सांगणारं टिपण लागतं. इथं तुमचा सर्वे आणि सहा महिन्यांची रेकॉर्डिंगची यादी जोडा, ग्रामसभेचे ठराव जोडा.

अर्ज गेला की इतर मंत्रालयांची तपासणी आणि फ्रिक्वेन्सीची पाहणी होते, मग लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे तत्त्वतः मंजुरीचं पत्र येतं. त्यानंतर दूरसंचार विभागाकडून फ्रिक्वेन्सी आणि टॉवरच्या जागेची मंजुरी, तिला सगळे सॅक्फा क्लिअरन्स म्हणतात. मग मंत्रालयासोबत करार, त्याला गोपा म्हणतात, आणि शेवटी वायरलेस ऑपरेटिंग लायसन्स. हे शेवटचं हातात आल्यावरच हवेत जायचं. २०२४ च्या सुधारित धोरणात पहिल्या कराराची मुदत ५ वरून १० वर्षं झाली ही मोठी सोय आहे, आणि लेटर ऑफ इंटेंट मिळाल्यावर वेळ मोजकाच असतो म्हणून पुढची तयारी आधीच करून ठेवा. त्याच धोरणात सल्लागार आणि कार्यक्रम समितीत निम्म्या बाया पाहिजेत असंही आहे. नावापुरत्या नको, मीटिंग दुपारी दोनला ठेवा म्हणजे त्या येऊ शकतील, रात्री आठला ठेवली तर कोण येणार?

एक गोष्ट जपा, अर्जात टॉवरच्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकावे लागतात. ते मोबाइलवर अंदाजे नाही, नेमक्या जागी उभं राहून घ्या आणि जागेचा सातबारा किंवा भाडेकरार आधी पक्का करा. जागा नंतर बदलली की मंजुरीचं काम पुन्हा पहिल्यापासून. आम्ही एका गृहस्थाच्या तोंडी शब्दावर अर्ज टाकला, पुढं त्यांच्या घरी वाटण्या झाल्या आणि धाकट्या भावानं नाही म्हणलं. पाच महिने गेले.

जागा आणि टॉवर

एफएममध्ये पॉवरपेक्षा उंची जास्त कामाची, हे डोक्यात पक्कं करा. एक सोपा हिशोब आहे. टॉवरची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ नं गुणा, सपाट जमिनीवर लाट किती किलोमीटरवर क्षितिजाला टेकते ते कळतं. १५ मीटरला साधारण १६ किलोमीटर, ३० मीटरला २२. प्रत्यक्षात १०० वॉटवर खिशातल्या फोनला एवढं मिळत नाही, पण दोन जागांची तुलना करायला हा हिशोब पुरे. म्हणून गावाच्या मधोमध शाळेवर टॉवर लावण्याचा मोह सोडा, गावाबाहेर वीस मीटर उंच माळ असेल तर तिथं लावा. नकाशावर टेकड्या बघा, आणि कोणती वस्ती सावलीत जाणार ते आधीच लिहून ठेवा.

ट्रान्समीटर बहुतेक ठिकाणी ५० वॉटचा असतो आणि चांगल्या अँटेनाच्या जोरावर तो १०० वॉट ईआरपीच्या आसपास पोचतो. मधल्या केबलवर कंजूषी करू नका. आरजी-२१३ सारखी साधी केबल ३० मीटर टाकली तर जवळपास तिसरा हिस्सा ताकद केबलमध्येच गरम होऊन जाते. जाड, कमी नुकसानीची केबल घ्या, आणि ट्रान्समीटरची खोली टॉवरच्या अगदी बुडाशी ठेवा.

एसडब्ल्यूआर हा एक शब्द पाठ करा. अँटेनाकडं पाठवलेली पॉवर किती परत येते ते त्यावरून कळतं, ट्रान्समीटरच्या पट्टीवर दिसतो. १.५ च्या खाली असला तर झोप चांगली लागते. २ ला ११ टक्के परत येते, ३ ला २५ टक्के, आणि परत आलेली पॉवर ट्रान्समीटरची आतली ट्रान्झिस्टर जाळते. अँटेना जोडलेली नसताना ट्रान्समीटर चालू करायचा नाही, एक सेकंदासाठी पण नाही. टेस्ट करायची असेल तर डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी पॉवर पिऊन घेणारं उपकरण, लावा. आमच्याकडं तर दारावरच रंगानं लिहिलं आहे.

आमच्या पहिल्याच पावसाळ्यात, जुलैत, आकडा रोज थोडा थोडा वर जाऊ लागला, १.३, १.६, १.९. आम्हाला वाटलं ट्रान्समीटरच बिघडला, पुरवठादाराला फोन, तो म्हणे परत पाठवा. एका म्हाताऱ्या वायरमननं सांगितलं, आधी जोड उघडा. अँटेनाच्या खालचा कनेक्टर उघडला तर आतून गार पाण्याचा थेंब माझ्या तळहातावर पडला, आणि पितळ हिरवं झालेलं. टेप गुंडाळली होती पण वरून खाली, त्यामुळे प्रत्येक घेरात पाणी अडकत गेलं. टेप खालून वर गुंडाळायची, घराच्या कवेलूसारखी, वरचा घेर खालच्यावर चढला पाहिजे. आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप, तिच्यावर साधी काळी टेप. आणि केबल खोलीत शिरायच्या आधी खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, खिडकीतून आत येणार नाही. आता दरवर्षी मृगाच्या आधी आम्ही सगळे जोड उघडून बघतो.

विजेचं सांगतो. आपल्याकडं जून आणि ऑक्टोबरमध्ये विजा फार पडतात, टॉवर म्हणजे गावातली सगळ्यात उंच लोखंडी वस्तू. टॉवरला स्वतंत्र अर्थिंग, केबलवर लाइटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण), आणि खोलीच्या अर्थिंगशी ते जमिनीत जोडलेलं, हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा, काळी जमीन मे मध्ये अशी भेगाळते की अर्थिंगचा उपयोग राहत नाही. गडगडाट जवळ आला की प्रक्षेपण बंद करा, ऐकणारे रागावत नाहीत. टॉवरवर कंबरपट्ट्याशिवाय कोणालाच चढू देऊ नका, आणि ट्रान्समीटर चालू असताना तर अजिबात नाही.

खोली, माइक, लाइट

स्टुडिओ म्हणलं की लोक भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवतात. त्यानं बाहेरचा आवाज थांबत नाही. त्यापेक्षा जाड गाद्या टांगा, कापूस तर आपल्याच घरचा आहे. मागच्या दोन भिंतींना गाद्या, जमिनीवर सतरंजी, दाराला गोधडी. टाळी वाजवून बघा, घुमली नाही म्हणजे झालं. पत्र्याच्या छताची खोली घेऊ नका, पावसात एक शब्द रेकॉर्ड होत नाही.

माइक तोंडापासून एक वीत लांब, थोडा बाजूला, म्हणजे प आणि फ चा फटका बसत नाही. आवाजाची पातळी उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, लाल दिवा लागला की तो आवाज परत नीट होत नाही. कापाकापी करायला ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर भरपूर झालं.

आमच्या इकडं मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद पाहिजे. आम्ही उन्हाळ्यात मुलाखती पहाटे घेतो. ट्रान्समीटरला मात्र गारवा लागतोच, त्याच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन आणि धूळ अडवायला जाळी ठेवा, कूलर ठेवू नका कारण त्याची दमट हवा यंत्रात जाते.

लाइटचा हिशोब करून घ्या. ट्रान्समीटर, कॉम्प्युटर, आवाजाचा मिक्सर मिळून साधारण ३०० वॉट. १५० एएचची १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, पण बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरा, म्हणजे तीन तास. सकाळचे दोन तास त्यात निघतात. पुढं पैसे आले की सोलर.

काय लावायचं, काय नाही

निम्म्याहून कमी नाही इतके कार्यक्रम गावातच बनलेले पाहिजेत, तेही शक्यतो स्थानिक भाषेत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा भाषांतर करून लावता येतात. पण हवामान, परीक्षेचे निकाल, ॲडमिशन, नोकरीच्या जागा, पाणी आणि लाइट कधी येणार, आरोग्याचा इशारा, जत्रा, खेळाचे सामने हे सांगता येतं. गावाला लागतं ते बहुतेक यातच आलं. "आज थ्री फेज रात्री दहाला" एवढं एक वाक्य आमच्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा जास्त ऐकलं जातं. सिनेमाची गाणी हक्काशिवाय लावू नका, आणि प्रत्येक कार्यक्रम ३ महिने जपून ठेवायचा असतो, म्हणून दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरी.

शेतीवर बोलताना नेमकं बोला. "बोंडअळीपासून सावध रहा" हे ऐकून कास्तकार काय करणार? त्याऐवजी सांगा की पऱ्हाटीत (कपाशीत) कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे लावा, रोज सकाळी पतंग मोजा, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली. माहिती अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाकडून तपासून घ्या, त्याचं नाव सांगून लावा. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी आमचा रेडिओ नव्हता. म्हणून आता जुलै ते ऑक्टोबर रोज पहाटे आम्ही एकच गोष्ट वेगवेगळ्या माणसाच्या तोंडून सांगतो, वारा पाठीमागून घ्या, तोंडाला फडकं नाही मास्क बांधा, दोन औषधं मनानं मिसळू नका, मळमळलं की डब्यासकट दवाखान्यात जा. डबा नेला की डॉक्टरला विष कोणतं ते लगेच कळतं. लोक म्हणतात रोज तेच तेच, तरी आम्ही थांबवत नाही.

पैसे

तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते, आणि २०२४ पासून सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदाला ७४ रुपये आहे, म्हणजे मिनिटाचे ४४४. पण ती बारा मिनिटं भरतील असा हिशोब करून कर्ज काढू नका. सामुदायिक रेडिओसाठी केंद्राची अनुदान योजना आहे, यंत्रसामग्रीला तिचा आधार होतो, रोजचा खर्च मात्र गावातूनच उभा करावा लागतो. आमच्याकडं वाढदिवसाच्या शुभेच्छा, भांड्याचं दुकान, मंगल कार्यालय, दवाखाना यातून लाइट बिल आणि दोन जणांचं मानधन निघतं. एक नियम आम्ही पाळतो, कीटकनाशकाची जाहिरात शेतीच्या सल्ल्याला लागून लावायची नाही. पहिल्या हंगामात दोन जाहिराती हातच्या गेल्या त्यामुळे. तरी बरोबरच होतं ते.

दोन जणांना तरी पगार द्याच, सगळंच फुकटात करून घेऊ नका. पोरींच्या घरी स्वतः जाऊन बोला, वेळ सांगा, घरी कोण सोडणार ते सांगा.

पहिल्या दिवशी

लायसन्स आलं, ट्रान्समीटर लागला, की उद्घाटनाच्या आधी आठ दिवस टेस्ट ठेवा. एका जणानं खोलीत बसून दर मिनिटाला वेळ सांगत राहायची आणि दोघांनी मोटरसायकलवर फिरायचं, बटनाचा फोन, वायरचा इअरफोन, एक वही आणि नकाशा. महागडा रेडिओ नेऊ नका, त्यात सगळीकडंच लागतो. प्रत्येक गावात तीन ठिकाणी उतरा, पारावर, शाळेमागं, आणि एखाद्या घराच्या आत चुलीजवळ. चुलीजवळ नक्की बघा, मातीच्या जाड भिंती आणि वर टिनपत्रे असले की बाहेर खणखणीत लागणारा रेडिओ आत फसफसतो, आणि सकाळी साडेपाचला बाई तिथंच असते.

आम्ही अशी १७ गावं फिरलो. १५ मध्ये लागला. एक गाव पुलाच्या खोलगटात, तिथं फक्त गच्चीवर. आणि टेकडीमागचा एक कोलाम पोड, तिथं काहीच नाही. संध्याकाळी पोचलो तर एक म्हातारे बुवा दारात बसून जुन्या रेडिओवर नागपूर ऐकत होते, खरखरत, पण लागत होतं. मी त्यांना विचारलं, आमचा लागतो का बघू, आणि फोन कानाला लावून पूर्ण पोड फिरलो, घरामागं गेलो, हात वर करून बघितला. नाही लागला. त्याच रात्री वहीत लिहिलं, दर सोमवारी या पोडावर पेनड्राइव्ह आणि स्पीकर पोचवायचा, आणि तिथलं रेकॉर्डिंग करून परत आणायचं. तुमच्याही नकाशावर असा पोड निघेल. त्याचं नाव आणि तिथं कोण जाणार त्याचं नाव, उद्घाटनाच्या आधी लिहून ठेवा.